क्लाउडची कामं : भाग ६ – चाचणी जॉबच्या जागेवरून

मागच्या भागात बॅच जॉब आणि सामायिक फाइल साठा यांची ओळख झाली. आज त्या दोघांमधली वाट तपासू.

उदाहरण जालन्याचंच घेतो. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने गावपातळीवर पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत तयार केली. पडलेला पाऊस, वाहून गेलेलं पाणी, जमिनीतला ओलावा आणि पिकाने घेतलेलं पाणी, असा तो हिशेब. जालना जिल्हा त्या प्रकल्पात होता. समजा, भोकरदनपासून मंठ्यापर्यंत आठही तालुक्यांसाठी असा हिशेब इथल्या काही तरुणांना रोज पहाटे करायचा आहे. पावसाचे आकडे आणि मातीचे नकाशे त्यांनी मायक्रोसॉफ्ट अझुरच्या पुण्यातल्या केंद्रात एका फाइल शेअरवर ठेवले आणि बॅचची यंत्रंही तिथलीच घेतली. जॉब सुरू झाला आणि ‘फाइल सापडत नाही’ म्हणून बंद पडला.

अशा वेळी बहुतेक जण आपल्या लॅपटॉपवरून पिंग करून बघतात. त्यातून काहीच कळत नाही. पिंग चालतं आयसीएमपीवर. फाइल शेअरची वाहतूक मात्र एसएमबी असेल तर टीसीपीच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून आणि एनएफएस असेल तर २०४९ वरून होते. शिवाय ४४५ हे पोर्ट कित्येक इंटरनेट कंपन्या ग्राहकांसाठी बंदच ठेवतात. २०१७ साली वॉनाक्राय जगभर पसरला तो एसएमबीतल्या दोषामुळेच, तेव्हा त्यांची काळजी योग्य आहे. पण म्हणूनच जालन्याहून बंद दिसणारं पोर्ट पुण्यातल्या यंत्राला उघडं असू शकतं. उलटही होतं : साठ्याच्या फायरवॉलमध्ये ऑफिसचा पत्ता घातलेला असतो आणि बॅचचा सबनेट घालायचा राहिलेला असतो.

तेव्हा चाचणी हाच एक छोटा जॉब करा आणि तो बॅचच्या यंत्रांच्या त्याच पूलमध्ये, त्याच सबनेटमधून चालवा.

त्यात आधी साठ्याचं नाव कोणत्या आयपी पत्त्यावर जातं ते पाहा. प्रायव्हेट एंडपॉइंट लावला असेल तर आपल्या नेटवर्कमधला, बहुधा १० ने सुरू होणारा पत्ता यायला हवा. सार्वजनिक पत्ता आला तर खासगी डीएनएस झोन त्या नेटवर्कला जोडायचा राहिलाय का ते बघा. मग नेटकॅटने पोर्ट तपासा, पाच सेकंदांची मुदत घालून. इथे येणारं उत्तर नीट वाचलं तर निम्मं काम होतं. काहीच न येता मुदत संपली, तर बहुधा वाटेतल्या एखाद्या नियमाने पाकिटं गुपचूप टाकून दिली; नेटवर्कचे सुरक्षा नियम उघडा. लगेच नकार आला, तर बहुधा पत्त्यावर कोणीतरी आहे पण त्या पोर्टवर सेवा नाही. पत्ता किंवा पोर्ट चुकलं असेल. आणि पोर्ट उघडं असून साठा माउंट करताना ‘परवानगी नाही’ आलं, तर किल्ली, हक्क आणि साठ्याच्या फायरवॉलचे नियम तपासा. अमेझॉनच्या ईएफएसलाही हीच रीत लागू पडते. तिथे माउंट टार्गेटच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये २०४९ उघडं असावं लागतं.

यापुढचा सापळा मला सर्वांत घातक वाटतो. माउंटची आज्ञा स्क्रिप्टमध्ये असते, ती फसते, पण तिच्यासाठी बनवलेला रिकामा फोल्डर तिथे असतोच. जॉब त्यातच निकाल लिहितो. कुठेही चूक दिसत नाही. निकाल गेलेला असतो यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर, आणि काम संपून यंत्र काढून टाकलं की तोही जातो. सगळा हिशेब पुन्हा करावा लागतो, पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागतात. म्हणून लिहिण्याआधी ‘माउंटपॉइंट’ या आज्ञेने खात्री करा आणि ती फसली तर जॉब तिथेच थांबवा.

एनएफएसमध्ये आणखी एक गोष्ट. हार्ड माउंट असताना मध्येच साठा तुटला तर जॉब पडत नाही, वाट बघत बसतो. फलकावर ‘चालू’ दिसतं आणि यंत्राचं भाडं चढत राहतं. प्रत्येक जॉबला कमाल वेळ घालून द्या.

शेवटी एका यंत्रावरून छोटी फाइल लिहा आणि दुसऱ्यावरून वाचा. ती वाचता आली की गावांचा हिशेब सोडायला हरकत नाही.

पुढच्या आठवड्यात : वाट मोकळी आहे, पण शंभर यंत्रं एकदम वाचायला लागली की साठा मंदावतो, त्याचं काय करायचं?