हिंदुकुशच्या पोटात काय तुटते आहे?

२६ ऑक्टोबर २०१५ च्या दुपारी दिल्लीत पंखे झुलू लागले आणि माणसे कचेऱ्यांतून रस्त्यावर आली. भूकंप झाला होता सुमारे हजार किलोमीटर दूर, अफगाणिस्तानातील हिंदुकुश पर्वतात. तीव्रता ७.५, पण केंद्र जमिनीखाली २०० किलोमीटरहून खोल.

एवढ्या खोलवर भूकंप होणे हेच कोडे आहे. तिथल्या उष्णतेत आणि दाबाखाली खडक तुटत नाही, हळूहळू वाकतो. तो तुटतो याचा अर्थ, वरून खाली गेलेला थंड, कडक खडक तिथे अजून शाबूत आहे.

सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड आशियाला धडकला. भूखंडाचे कवच हलके असल्याने ते सहसा बुडत नाही. म्हणूनच हिमालय वर उचलला गेला. हिंदुकुशखाली मात्र भूपट्टाचा एक जड तुकडा जवळजवळ उभा लोंबकळतो आहे. सैल कणकेचा गोळा हातातून लोंबला की मध्ये मान बारीक होते आणि शेवटी खालचा भाग तुटतो. अनेक संशोधकांच्या मते इथे तेच चालले आहे. मोठे भूकंप या ताणल्या जाणाऱ्या मानेपाशी होतात.

हे कळते भूकंपलहरींमुळे. थंड खडकातून त्या वेगाने जातात, तप्त खडकातून सावकाश. ठिकठिकाणच्या केंद्रांवर त्या किती वाजता पोहोचल्या, ते जुळवले की सीटी स्कॅनसारखे पृथ्वीच्या पोटाचे चित्र तयार होते. खडक उभा ताणला जात होता, हेही त्याच नोंदी सांगतात.

१९८३, १९९३, २००२ आणि २०१५ या वर्षी इथे सातहून अधिक किंवा त्याच्या जवळपास तीव्रतेचे भूकंप झाले. पुढचा कधी होईल, हे सांगता येत नाही.

खोली मात्र जीव वाचवते. २०१५ मध्ये सुमारे ४०० माणसे दगावली. २००५ मध्ये काश्मीरला हादरवणारा भूकंप जवळपास तेवढ्याच तीव्रतेचा, पण उथळ होता. त्यात सत्तर हजारांहून अधिक बळी गेले. खोल धक्का दूरवर जाणवतो, पण वर येईपर्यंत बराच क्षीण होतो. तरीही कच्च्या विटामातीच्या घरांना तेवढाही पुरतो. म्हणून पृथ्वीच्या पोटाचा नकाशा काढताना वरची घरे मजबूत करणेही तितकेच निकडीचे आहे.