विषयप्रवेश ते उपसंहार

‘साहित्य हा समाजाचा आरसा आहे’ या वाक्याने सुरू होणारे निबंध भांडुपमध्ये शिकवताना मी वर्षानुवर्षं तपासले. वाक्य खोटं नाही. पण ते कुठल्याही पुस्तकाला चालतं, म्हणून हातातल्या पुस्तकाबद्दल काहीच सांगत नाही. शेवटही ठरलेला : ‘अशा प्रकारे ही कलाकृती मैलाचा दगड ठरते.’ दोष मुलांचा नाही. दहावीपासून आपण त्यांना रसग्रहण शिकवतो : आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. तिथे कविता आवडलीच आहे हे गृहीत असतं. वाङ्मयीन वाद मांडायचा तर समोर कुणीतरी न पटणारा लागतो आणि तो कोण, हे पहिल्याच परिच्छेदात कळावं लागतं.

याचा मराठीतला भव्य नमुना मंडालेच्या तुरुंगात शिसपेन्सिलीने लिहिला गेला. टिळकांचं ‘गीतारहस्य’ 1910-11च्या हिवाळ्यातलं. छापून आलं 1915 साली. प्रकरणं पंधरा. पहिलं ‘विषयप्रवेश’, शेवटचं ‘उपसंहार’. गीतेची थोरवी सांगून झाली की टिळक आधीच्या भाष्यकारांकडे वळतात. शंकराचार्य, रामानुजाचार्य, मध्वाचार्य यांनी गीतेतून आपापल्या संप्रदायाचं तात्पर्य कसं काढलं, ते मांडतात. मग मीमांसकांची कसोटी घेतात. ग्रंथाचं तात्पर्य ठरवायच्या काही खुणा; त्यांतली पहिली आरंभ आणि शेवट यांचा मेळ. अर्जुन आरंभी धनुष्य टाकून बसतो, शेवटी लढायला उभा राहतो; मग मधला उपदेश कर्म सोडण्याचा कसा असेल? युक्तिवाद सगळ्यांना पटलेला नाही, पण बांधणी बघून घ्यावी. प्रतिपक्ष आधी, कसोटी मग, आपलं म्हणणं त्यानंतर.

तरी विद्यार्थ्यांना मी आधी फुले वाचायला देतो. 1885 साली पुण्यातल्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण नाकारणारं त्यांचं पत्र जेमतेम पानभर आहे. पत्र पोचलं, फार आनंद झाला, असं ते म्हणतात आणि लगेच ‘परंतु’. झाली प्रस्तावना! जे माणसांचे हक्क देत नाहीत त्यांच्या सभा आणि पुस्तकं यांच्याशी आमचा मेळ बसत नाही, हा मुद्दा. शेवटी सारांश येतो, पण फुले तिथे थांबत नाहीत. सर्वांची एकी हवी असेल तर माणसामाणसांतली बंधुप्रीती कशाने वाढेल ते शोधा आणि पुस्तकात छापा, असं काम ते उलट ग्रंथकारांच्याच गळ्यात घालतात. वर सलाम. मराठीत याहून चांगला शेवट मला तरी माहीत नाही.

टेंभीपाड्यात राहणारी, कलिन्याला एम.ए.ला जाणारी एक मुलगी भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’वर (1965) निबंध लिहीत होती. पहिला परिच्छेद आरशाचा, दुसरा पाध्यांच्या चरित्राचा. मुद्दा सापडला तिसऱ्या पानावर. मी म्हटलं, “हाच वर घे.”

“सर, पण वातावरणनिर्मिती नको?”

नको. तिने केलेला नवा आरंभ असा : ‘वासूनाका अश्लील आहे असं म्हणणाऱ्यांत आचार्य अत्रे होते. त्यांची चीड समजण्यासारखी आहे, कारण नाक्यावरची पोरं बायकांकडे ज्या नजरेने बघतात ती क्रूर आहे. पण गोष्ट सांगणारा पोक्या त्याच पोरांतला असल्यामुळे वाचकाला बाजूला उभं राहून नाक मुरडायची सोय उरत नाही.’ तीन वाक्यांत प्रतिपक्ष आला, त्याला दिलेला मान आला आणि दावाही आला. पाध्यांचं जन्मसाल आपोआप गळालं.

शेवटावर मात्र ती अडली. पहिल्या ड्राफ्टमध्ये दावाच पुन्हा, जड शब्दांत. तिला एवढंच विचारलं, तुझं म्हणणं खरं धरलं तर पुढे काय? दोन दिवसांनी उत्तर आलं : मग अश्लीलता पुस्तकातल्या शब्दांवरून ठरवता येत नाही, निवेदक कुठे उभा आहे हे आधी बघावं लागतं, आणि ही कसोटी लावली तर सोज्वळ भाषेतल्या कितीतरी प्रेमकथा अडचणीत येतील. हा उपसंहार वाचून परीक्षक वाद घालील. घालू दे.

आरंभ नेहमी शेवटी लिहावा, कारण आपल्याला काय म्हणायचंय ते लिहिता लिहिताच कळतं. परीक्षेत तेवढा वेळ नसतो. तिथे वर चार ओळी कोऱ्या सोडून थेट मुद्द्याला हात घालावा आणि उत्तर संपलं की वर येऊन त्या भराव्यात. जागा अपुरी पडली तर उत्तमच.