चौथी पायरी

सकाळची नऊची बैठक. ब्रिटनमधल्या कुठल्याही तीव्र मानसोपचार वॉर्डात हे दृश्य दिसतं. रात्रपाळीच्या नर्सनं सांगून ठेवलेली अठरा जणांची रात्र वीस मिनिटांत उलगडते. कोण झोपलं नाही, कोणी गोळी थुंकली, कोण पहाटेपर्यंत दारापाशी उभं होतं. कोपऱ्यात वही घेऊन बसलेली पंचविशीतली मुलगी असिस्टंट सायकॉलॉजिस्ट. कमरेला किल्ल्या, पट्ट्याला धोक्याचं बटण. औषध लिहायचा अधिकार तिला नाही, कुणाला तासभर बाहेर सोडायचाही नाही. वॉर्डात सगळ्यांना टंचाई असलेली एक गोष्ट मात्र तिच्याकडे थोडी जास्त असते. ती म्हणजे वेळ.

एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या वेतनश्रेणीत ही जागा बहुधा चौथ्या पायरीवर, म्हणजे ‘बँड ४’वर असते. मानसशास्त्राची पदवी हवी आणि काम अनुभवी मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे नाव तिथं कायद्यानं राखीव आहे. ते लावायला तीन वर्षांची डॉक्टरेट लागते, आणि तिच्या एका जागेमागे अनेक अर्जदार असतात. अर्जात प्रत्यक्ष कामाचा अनुभव दाखवावा लागतो, म्हणून असिस्टंटच्या जागेवरही उड्या पडतात. वॉर्डात सर्वांत निवांत ऐकणारं माणूस असं वाटेवरचं असतं. वर्ष-दीड वर्षात ते पुढं जातं.

हे वॉर्ड इतके तापलेले का, याला इतिहास आहे. १९५०च्या दशकात इंग्लंड-वेल्सच्या मनोरुग्णालयांत सुमारे दीड लाख माणसं होती. १९६१मध्ये आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी ही जुनी, पाण्याच्या उंच टाक्यांची आश्रयस्थानं मोडीत काढायची घोषणा केली. आज इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्याच्या खाटा वीस हजारांच्या आत आहेत. २०००नंतर घरी जाऊन उपचार करणारी पथकं उभी राहिली. जे घरी सांभाळता येतात ते घरीच राहतात आणि वॉर्डात पोचतात ते अगदी काठावरचे. त्यातले बरेच जण १९८३च्या मेंटल हेल्थ ॲक्टखाली आणलेले. कलम २ म्हणजे तपासणीसाठी २८ दिवसांपर्यंत, कलम ३ म्हणजे उपचारासाठी आधी सहा महिन्यांपर्यंत. ‘मला सेक्शन केलं’, म्हणजे कलमाखाली दाखल केलं, असं तिथला माणूस सहज म्हणून जातो.

पुस्तकातली थेरपी सोळा बैठकांची असते. इथला माणूस उद्या असेल की नाही, हेच ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक भेट जणू एकुलती एक, अशा हिशेबानं करायची. मंगळवारच्या गटासाठी आठ खुर्च्या मांडल्या तर तिघं येतात. एक जण मधेच उठून जातो. दुसरी बाई बर्फाचा खडा मुठीत धरून बसते. मनाचा कल्लोळ अंगाच्या गारठ्यानं थोडा उतरतो का, हे पाहायचं असतं. शेवटी ती एवढंच म्हणते, “हात बधिर झाला, पण डोकं जरा गप्प आहे.” त्या दिवशीच्या नोंदीत हेच वाक्य जातं.

खरं कसब दिसतं ते ‘फॉर्म्युलेशन’मध्ये, म्हणजे त्रासाची उभी-आडवी मांडणी करण्यात. आत्ता काय होतंय, पूर्वी काय घडलं, भडका कशानं उडाला, तो विझत का नाही आणि या माणसाला तारणारं काय आहे, असे पाच प्रश्न. एक कल्पित, पण वॉर्डाला ओळखीचा तरुण घेऊ. तो अंघोळ करत नाही. ‘ऐकतच नाही’ अशी नोंद रोज होते. असिस्टंट दोन दिवस त्याच्यासोबत नुसती चहा पिते. तिसऱ्या दिवशी कळतं की लहानपणी मार मिळायचा तो न्हाणीघरात, आणि इथल्या न्हाणीघराचं दार नर्सला बाहेरून उघडता येतं. बैठकीत हे सांगितल्यावर ठरतं एवढंच की एकच ओळखीचा नर्स जाईल, आधी टकटक करून नाव सांगेल. ‘ऐकत नाही’च्या जागी ‘घाबरतो’ हा शब्द येतो, आणि माणसांचा सूर बदलतो.

असल्या बारीक बदलांना पुरावाही आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये असताना लेन बाउअर्स यांनी आखलेल्या ‘सेफवॉर्ड्स’ या पद्धतीत दहा साधे उपाय आहेत. मऊ शब्द, वाईट बातमी सांगितल्यावर सोबत, घरी जाणाऱ्यानं नव्यासाठी लिहून ठेवलेली चिठ्ठी. ३१ वॉर्डांवरच्या चाचणीचा निष्कर्ष २०१५मध्ये आला: भांडणतंटे सुमारे १५ टक्के घटले, धरून ठेवणं, कोंडणं वगैरे त्याहून जास्त, २६ टक्के.

या चित्राला काळी बाजू आहे. कृष्णवर्णीय माणसं मेंटल हेल्थ ॲक्टखाली गोऱ्यांच्या साधारण चौपट प्रमाणात अडकवली जातात. समोर बसून ऐकणारा मानसशास्त्रज्ञ मात्र बहुतेकदा गोरा असतो. अनुभवासाठी बिनपगारी ‘ऑनररी’ काम करणं ज्याच्या घराला परवडतं, त्याचीच पावलं या पायरीपर्यंत सहज पोचतात. आणि ज्याच्यापाशी रुग्णानं पहिल्यांदा तोंड उघडलं, तेच माणूस पुढच्या महिन्यात बदललेलं असतं.

आपल्याकडे काय? महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. मानसिक आरोग्याच्या २०१७च्या भारतीय कायद्यानं स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या रुग्णाला दाखल करून ठेवण्याला पहिली मुदत ३० दिवसांची घातली. इंग्लंड-वेल्सच्या २८ दिवसांशी जवळजवळ जुळणारी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायची रुळलेली वाट आजवर दोन वर्षांच्या एम.फिल.ची होती, जागा मोजक्या. एम.ए. झालेली शेकडो मुलं अलीकडच्या काठावर थांबतात. पगार देऊन, देखरेखीखाली वॉर्डात बसवणारी ठरलेली पायरी त्यांच्यासाठी नाही. ब्रिटनची नक्कल करायची तर तिथले दोषही येतील. तरी न्हाणीघराच्या दारापाशी थबकलेला तो तरुण आपल्याही वॉर्डात आहे. त्याच्याबरोबर दोन दिवस चहा प्यायला नेमकं कुणाला नेमायचं, हा प्रश्न मग मानसशास्त्राचा उरत नाही. तो आस्थापनेचा होतो, आणि त्याचं उत्तर भरतीच्या जाहिरातीतच लिहावं लागतं.