‘थ्री-नॉट-थ्री’चा बोल्ट : अवजार चुकले, तर रायफल बिघडते

(विशेष प्रतिनिधी)
मुंबई - २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्थानकावर काही पोलिसांच्या हाती ली-एनफिल्ड बनावटीची .३०३ रायफल होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला. पहिल्या महायुद्धात वापरलेल्या या शस्त्राचे आयुष्य इतके लांबले, त्यात शस्त्रागारातील कारागिरांच्या निगराणीचा वाटा मोठा आहे. या निगराणीचा केंद्रबिंदू म्हणजे बोल्ट.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट बाहेर काढला, की त्याचे पुढचे डोके हाताने फिरवूनही सुटते. खरी अडचण आतल्या स्ट्रायकरची, म्हणजेच काडतुसावर आघात करणाऱ्या पिनेची असते. ती मागच्या कॉकिंग पीसमध्ये आट्यांनी बसवलेली असून तिच्यावर जोरकस स्प्रिंगचा दाब असतो. ती काढण्यासाठी टोकाला दोन दात असलेले पोकळ नळीसारखे खास अवजार लागते. कॉकिंग पीसवरील छोटा स्क्रू आधी काढावा, मग हे अवजार पुढून आत सरकवून दात स्ट्रायकरच्या कड्यातील खाचांत बसवावेत आणि फिरवावे. अनेक हौशी मंडळी येथे पक्कड वापरतात. कड्याच्या खाचा एकदा झिजल्या, की मग योग्य अवजारही घसरते. शेवटच्या आट्याला स्प्रिंग झेपावते, म्हणून बोल्टचे तोंड चेहऱ्याकडे धरू नये.

स्क्रू-ड्रायव्हरचे पातेही खाचेत घट्ट बसणारे, समांतर बाजूंचे हवे. घरगुती स्क्रू-ड्रायव्हरचे पाते निमुळते असते. ते जोर लावताच वर सरकते आणि खाचेच्या कडा उडतात. पुन्हा जोडताना स्ट्रायकरचे मागचे टोक कॉकिंग पीसच्या पृष्ठाशी सपाट आणि त्याची खाच स्क्रूसमोर यायला हवी. पुढचे टोक बोल्टच्या तोंडाबाहेर साधारण एक ते सव्वा मिलिमीटर यावे, आणि ते गेजनेच तपासावे. कमी आले तर काडतूस पेटत नाही, जास्त आले तर टोपी फुटू शकते.

सफाईचेही शास्त्र आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेटमुळे मागे क्षार उरतो. तो हवेतील ओलावा खेचतो आणि तेलात विरघळत नाही. मुंबईसारख्या दमट शहरात गंज धरायला मग वेळ लागत नाही. त्यामुळे आधी गरम पाणी, मग कोरडे फडके आणि शेवटी तेलाचा पातळ हात, हाच क्रम योग्य. मात्र गोळीबारापूर्वी चेंबर कोरडे हवे. तेलकट चेंबरमध्ये काडतुसाची पकड सुटते आणि सारा धक्का बोल्टवर येतो.

सर्वांत घातक चूक मात्र अवजाराविना होते. एकाच टेबलावर चार रायफली सोडल्या, की बोल्टांची अदलाबदल होते. प्रत्येक बोल्ट आपापल्या रायफलीला जुळवून बसवलेला असतो, म्हणून त्याच्या दांड्यावर तिचाच क्रमांक कोरलेला असतो. क्रमांक जुळत नसेल, तर हेडस्पेस गेजने तपासणी हवी : .०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हावा, .०७४ च्या गेजवर होऊ नये.

.३०३ प्रतिबंधित बोअरची असल्याने सर्वसामान्य परवानाधारकाकडे ती नसते. पण इशापूरच्या कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल याच रचनेवर बेतलेली असून, वरील काळजी बव्हंशी तिलाही लागू पडते. स्ट्रायकरचे खास अवजार हाताशी नसेल, तर डोके काढून बाहेरून सफाई करावी आणि पुढचे काम परवानाधारक बंदूक दुरुस्तीकाराकडे सोपवावे.