किंबर्लीच्या वेढ्यातले दोन धनी

दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली शहराला १४ ऑक्टोबर १८९९ रोजी बोअरांचा वेढा पडला आणि १५ फेब्रुवारी १९०० रोजी जनरल फ्रेंच यांच्या घोडदळाने तो उठवला. त्या १२४ दिवसांचा मागोवा घेताना बाहेरच्या शत्रूइतकाच आतला कलह मनाला अस्वस्थ करतो. शिबंदीचे अधिपती होते लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट केकेविच. परंतु हिऱ्यांच्या खाणी, कारखाने, कोठारे आणि हजारो मजुरांची भाकरी ज्या डी बीअर्स कंपनीच्या हाती होती, तिचे सूत्रधार आणि केप वसाहतीचे माजी पंतप्रधान सेसिल ऱ्होड्स वेढ्याच्या तोंडावरच शहरात येऊन दाखल झाले होते.

ऱ्होड्स यांच्या पदरी जमेची बाजू टाकलीच पाहिजे. शहराचा नेहमीचा पाणीपुरवठा शत्रूने तोडला तेव्हा कंपनीच्या खाणीतले पाणी नळांतून वाहू लागले. आणि ज्या कारखान्यात कधी तोफ घडली नव्हती, तिथे जॉर्ज लॅब्रम या अमेरिकन अभियंत्याने २८ पौंडी गोळा फेकणारी ‘लाँग सेसिल’ घडवली. परंतु ज्याने रसद पुरवली त्याला हुकूमही आपलाच चालावा असे वाटू लागले. ११ डिसेंबरला मागर्सफाँटेन येथे कुमकेचा पराभव झाल्यावर तर त्यांचा धीर सुटला.

९ फेब्रुवारीच्या संध्याकाळी बोअरांच्या मोठ्या तोफेचा गोळा हॉटेलात पडून लॅब्रम ठार झाले. दुसऱ्या दिवशी ऱ्होड्स यांच्या वर्चस्वाखालील वृत्तपत्राने, किंबर्लीने आणखी थांबावे का, असा जळजळीत सवाल अग्रलेखातून केला. त्यानंतरच्या रविवारी भिंतींवर जाहीरनामे झळकले : बायकामुलांनी खाणींत आश्रय घ्यावा, खाली सही सेनापतीची नव्हे, ऱ्होड्स यांची. खाणीच्या पाळण्यांतून हजारो जीव भूगर्भात उतरले.

ब्रिटिश सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांनी प्रसंगी ऱ्होड्स यांना अटक करण्याची मुखत्यारी केकेविच यांना दिली होती. ती त्यांनी वापरली नाही. शहराच्या तटावर उभी असलेली अनेक माणसे त्याच कंपनीची नोकर होती आणि त्यांच्या धन्याला कैद करणे म्हणजे तटालाच भगदाड पाडणे, हे त्यांनी ओळखले असावे. या भांडणात ज्यांना कोणी विचारले नाही, ते कंपनीच्या आवारांत कोंडलेले आफ्रिकी मजूर मात्र उपासमारीने आणि स्कर्व्हीने मेले.

माझा निर्णय स्पष्ट आहे : वेढ्यात हुकूम एकाचाच असावा, आणि किंबर्ली वाचली त्याचे श्रेय ऱ्होड्स यांच्या संपत्तीइतकेच केकेविच यांच्या संयमाला आहे.