आधी डोळे, मग हात

"खाल्लं!" सात वर्षांच्या भाचीने वजिराने माझं प्यादं मारलं आणि ते मुठीत धरून ती खूश झाली. पुढच्याच खेळीत माझ्या घोड्याने तिचा वजीर घेतला. चेहरा पार उतरला. "मामा, परत घेऊ?" म्हटलं, "घे. पण आधी सांग, ते प्यादं मी तिथे का ठेवलं असेल?" ती पटाकडे बघत बसली. इतका वेळ स्वतःच्याच मोहऱ्यांवर खिळलेली तिची नजर पहिल्यांदा माझ्या बाजूला आली आणि घोड्यावर थांबली. मग तिने वजीर गुपचूप जागेवर नेऊन ठेवला.

जुलै २०२५मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. वय १९. असं काही घडलं की आपल्याही मुलाला क्लासला घालावं असं घरोघरी वाटतं. बहुतेकांना ग्रँडमास्टर नको असतो. त्यांची अपेक्षा साधी असते: बुद्धिबळाने बुद्धी वाढेल, निदान गणित तरी सुधारेल.

या अपेक्षेची तपासणी झालेली आहे. आर्मेनियाने २०११पासून प्राथमिक शाळेत बुद्धिबळ हा सक्तीचा विषय केला. इंग्लंडने मात्र आधी पारखून घ्यायचं ठरवलं. तिथे १०० शाळा निवडल्या. त्यांतल्या काही शाळांत नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वर्षभरात सुमारे ३० तास बुद्धिबळ शिकवलं, बाकीच्या शाळांत नेहमीचेच तास चालू ठेवले. आणखी वर्षभराने गणिताचे गुण ताडून पाहिले. २०१६मध्ये अहवाल आला: दोन्ही गटांत फरक नाही. त्याआधीच्या काही अभ्यासांत थोडा फायदा दिसला होता. पण त्यांत अनेकदा बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलांची तुलना वेगळं काहीच न मिळालेल्या मुलांशी केली होती. मग गुण वाढले ते पटामुळे, की कुणीतरी जास्त लक्ष दिलं म्हणून, हे कसं कळणार?

असं का होतं, याचा धागा मिशेलिन ची या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या १९७८च्या एका प्रयोगात सापडतो. त्यांनी बुद्धिबळ खेळणारी दहाएक वर्षांची मुलं आणि जेमतेम खेळता येणारी मोठी माणसं यांना पटावरची मांडणी काही क्षण दाखवली आणि ती आठवून पुन्हा लावायला सांगितली. मुलांनी मोठ्यांना मागे टाकलं. मग आकड्यांची ओळ आठवायला दिली, तेव्हा मोठी माणसं पुढे गेली. म्हणजे मुलांची स्मरणशक्ती सरसकट वाढली नव्हती. त्यांना पट वाचता येत होता. आपण 'कमळ' हा शब्द एका नजरेत वाचतो, क-म-ळ असं अक्षर अक्षर जुळवत नाही, तसंच हे. त्याआधी, १९७३मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी अशाच प्रयोगात मोहरी वाटेल तशी विखरून ठेवली, तेव्हा मुरलेल्या खेळाडूचीही आघाडी जवळजवळ संपली.

मग बुद्धिबळ शिकवायचंच कशाला? कारण विचार करणं म्हणजे काय, हे लहान मुलाला दाखवायला इतकी सोयीची जागा दुसरी क्वचितच मिळेल. विचार एरवी दिसत नाही. पटावर तो मोहऱ्यांच्या रूपात समोर उभा असतो. चूक झाली तर ती दोन खेळ्यांत कळते आणि खापर फोडायला फासेही नसतात. पहिल्याच खेळीला २० पर्याय असतात, १६ प्याद्यांचे आणि चार घोड्यांचे. ते मुलालाच मोजू द्या. घोडा कोपऱ्यात ठेवून तो कुठे कुठे जाऊ शकतो ते विचारा. दोनच घरं निघतात. पटाच्या मध्ये ठेवला तर आठ. 'मोहरी मधे आणा' हा उपदेश मग करावा लागत नाही.

पाच-सहा वर्षांच्या मुलापुढे सगळी ३२ मोहरी एकदम मांडू नका. सुरुवात फक्त प्याद्यांनी करा: दोघांची आठ-आठ, ज्याचं प्यादं आधी पलीकडे पोचेल तो जिंकला. ते जमलं की घोडे आणा, मग उंट आणि हत्ती, वजीर सगळ्यांत शेवटी. वजीर आधी हातात पडला की मूल त्याच्यावरच सगळा डाव खेळतं. शिवाय कुणाकडून तरी चार खेळ्यांची मात शिकून येतं. राजाच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं राखायला एकटा राजा असतो, तिथे वजीर आणि उंट मिळून घाला घालतात. दोन-तीन मित्र यात गारद होतात आणि 'मला येतं' असं वाटून शिकणं थांबतं.

हात लावला ते मोहरं खेळायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून नको. पण दोन-तीन महिन्यांनी जरूर आणा. त्या नियमाने आधी डोळे, मग हात ही सवय लागते. पुढे खेळ्या लिहायला शिकवा. उभ्या ओळी ए ते एच, आडव्या १ ते ८. लिहिलेला डाव परत मांडता येतो आणि 'इथे मला घोडा दिसलाच नाही' हे मुलाला स्वतःचं स्वतःला सापडतं. मुलाला बरं वाटावं म्हणून मुद्दाम हरू नका, त्यांना ते लगेच कळतं. त्यापेक्षा आपला वजीर काढून ठेवा आणि मनापासून खेळा.

ही सवय पटावरून आपोआप वहीत उतरेल असं मात्र धरून चालू नका. गणित कच्चं असेल तर गणितच करून घ्या. बुद्धिबळासाठी रविवारची संध्याकाळ मोकळी ठेवा, आणि मूल पटाकडे बघत बसलं असेल तेव्हा खेळी सुचवू नका. तेवढा वेळ आपण गप्प बसायचं.