राजगृहचा कुंभीर जपानच्या समुद्रावर

जपान हा बेटांचा देश. तेथील माणसाला मासळी समुद्र देतो, मीठ समुद्र देतो आणि माणसे गिळणारे वादळही समुद्रातूनच येते. म्हणून शिंतो धर्मात समुद्रदेवतांची देवळे किनाऱ्याकिनाऱ्यावर आहेत. ही देवळे कशी पसरली हे पाहू लागलो, तेव्हा आम्हाला त्यात आपल्या ओळखीचे एक नाव सापडले.

सर्वांत जुन्या स्थळांपैकी एक म्हणजे क्यूशू आणि कोरिया यांच्यामधले ओकिनोशिमा बेट. चौथ्या ते नवव्या शतकापर्यंत समुद्रप्रवास सुखरूप व्हावा म्हणून तिथे पूजाविधी होत. तिथल्या उत्खननात सुमारे ८०,००० वस्तू मिळाल्या. पुढे चीनला निघालेले जपानी राजदूत ओसाकाच्या सुमियोशी देवळात प्रार्थना करून जहाजात चढत. त्याच जहाजांतून बौद्ध भिक्खू चीनला गेले आणि ग्रंथ घेऊन परतले.

एका दिव्यावरून दुसरा दिवा लावावा, तसे मूळ देवळातल्या देवतेचे आवाहन करून दुसऱ्या गावी नवे देऊळ उभे करण्याची तिकडे रीत आहे. सुमियोशीची अशी दोन हजारांहून अधिक देवळे आज आहेत.

आता ते ओळखीचे नाव. शिकोकू बेटावर डोंगराच्या कुशीत कोम्पिराचे देऊळ आहे. मुख्य देवळापर्यंत ७८५ पायऱ्या. हा कोम्पिरा म्हणजे आपल्याकडचा कुंभीर! कुंभीर म्हणजे मगर. दीघनिकायातील महासमयसुत्तात राजगृहच्या वेपुल्ल पर्वतावरील कुंभीर यक्षाचा उल्लेख आहे. बौद्ध धम्माबरोबर तो चीनमार्गे जपानला पोहोचला आणि खलाशांचा रक्षक झाला.

त्याचे नाव बंदरोबंदरी नेले ते मालवाहू जहाजांवरच्या खलाशांनी आणि कोळ्यांनी. ज्यांना देवळापर्यंत जाणे जमत नसे, ते दक्षिणा पिंपात घालून, त्यावर निशाण लावून पिंप समुद्रात सोडत. ज्याला ते सापडे, तो देवळात पोहोचते करी. कोणी कुत्र्याच्या गळ्यात पैशांची थैली बांधून त्याला यात्रेकरूंबरोबर धाडी. अनोळखी माणसांच्या प्रामाणिकपणावर हा सारा व्यवहार चाले.

नवसाने वादळ थांबत नाही, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पण बायकामुलांना मागे ठेवून लाकडी जहाजात चढणाऱ्या माणसाची भीती खोटी नव्हती. त्याच्याजवळ ना विमा होता, ना हवामानाचा अंदाज.

शेकडो वर्षे या डोंगरावर बौद्ध आणि शिंतो उपासना एकत्र नांदल्या. १८६८ साली मेइजी सरकारने दोन्ही वेगळ्या करण्याचा हुकूम काढला. देशभर बौद्ध मूर्ती हटवल्या गेल्या, कित्येक फोडल्या वा जाळल्या गेल्या. कोम्पिराचे देऊळ निव्वळ शिंतो ठरले. देवाचे बौद्ध नाव काढले, देवळाला ‘कोतोहिरा’ नाव दिले आणि तिथे ओमोनोनुशी हा शिंतो देव मुख्य ठरला.

पण सामान्य माणसाच्या तोंडचे नाव सरकारला पुसता आले नाही. आजही जपानी माणूस त्या देवळाला प्रेमाने ‘कोम्पिरा-सान’ म्हणतो. राजगृहच्या डोंगरावरचे ते नाव कष्टकऱ्यांच्या जिभेवर आजही जिवंत आहे.